पंढरपूरच्या वाटा रुंद करण्यापूर्वी: जिल्हा प्रशासन आणि मंदिरे समितीस खुले पत्र

माननीय जिल्हाधिकारी, सोलापूर, आणि श्री विठ्ठल-रुक्मिणी मंदिरे समिती, पंढरपूर, यांस सविनय नमस्कार.

पंढरपूरच्या मंदिराभोवती कॉरिडॉर, म्हणजे भोवतीची घरे-दुकाने काढून केलेला रुंद मोकळा परिसर, व्हावा की होऊ नये, हा वाद २०२२ पासून चालू आहे. आराखडे आले, त्यांत बदल झाले, बैठका झाल्या, मोर्चे निघाले, आणि त्या वर्षाच्या अखेरीस तर ‘नाहीतर आम्ही कर्नाटकात जाऊ’ इथपर्यंत भाषा गेली. मी पंढरपूरची रहिवासी नाही. बार्शीत राहते, शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाले आहे, आणि आमच्या घरची वारी सासूबाईंच्याही आधीपासूनची आहे. मंदिराजवळ माझे घर नाही, दुकान नाही, आणि आराखड्याच्या कामाशीही माझा काही संबंध नाही. निवृत्तीनंतर काशी, पुरी, उज्जैन आणि मदुराई ही क्षेत्रे पाहिली. पंढरपूरचा प्रश्न डोक्यात ठेवूनच ती पाहिली, आणि तिथे जे दिसले ते निर्णयापूर्वी आपल्यासमोर मांडावे, असे मनापासून वाटते म्हणून हे पत्र.

प्रथम कॉरिडॉरच्या बाजूचे बोलते, कारण ती बाजू स्थानिकांच्या सभांमधून पुरेशी ऐकून घेतली जात नाही. आषाढीला या गावात दहा लाखांहून अधिक माणसे उतरतात. २०११ च्या जनगणनेप्रमाणे गावाची स्वतःची वस्ती एक लाखाच्या आतली. महाद्वारातून घाटाकडे जाणाऱ्या वाटेवर एकादशीच्या सकाळी पाय स्वतःच्या इच्छेने पुढे पडत नाही, मागची गर्दी पुढे नेते. लहान मूल कडेवर असलेली बाई तिथे अडकली तर तिला बाजूला घ्यायला कुठे मोकळी जागा नसते. २००५ च्या जानेवारीत वाईजवळच्या मांढरदेवीला काय झाले, हे सातारा-सोलापूरकडच्या माणसाने विसरण्यासारखे नाही. अरुंद चढाची वाट, दोन्ही बाजूंना दुकाने, चेंगराचेंगरी आणि त्यात आग. जवळजवळ तीनशे माणसे गेली. ‘शेकडो वर्षे वारी चालू आहे, काही झाले नाही’ हे उत्तर मला पटत नाही. वारीत येणारी माणसे वाढली आहेत, आणि गल्ल्या जुन्याच आहेत.

तरीही ‘गर्दी आहे म्हणून कॉरिडॉर’ हे वाक्य वाटते तितके सरळ नाही, आणि हे मला काशीत नीट उमगले.

काशीचा विश्वनाथ मंदिराचा कॉरिडॉर १३ डिसेंबर २०२१ रोजी लोकार्पण झाला. पूर्वी मंदिराच्या वाट्याला साधारण तीन हजार चौरस फूट जागा होती, आता परिसर सुमारे पाच लाख चौरस फुटांचा आहे. त्यासाठी तीनशेहून अधिक मालमत्ता घेतल्या गेल्या, आणि घरमालक, भाडेकरू व दुकानदार मिळून सुमारे चौदाशे जणांचे पुनर्वसन झाल्याची सरकारी नोंद आहे. घरे पाडताना त्यांच्या पोटातून चाळीसहून अधिक जुनी देवळे बाहेर आली. आज त्या चौकात उभे राहिले, की गंगेपासून मंदिराच्या शिखरापर्यंत नजर अडत नाही. अहिल्याबाईंनी १७८० च्या सुमारास पुन्हा उभारलेले ते देऊळ, आणि त्याच आवारात आता त्यांचा पुतळा. मराठी माणसाचा ऊर तिथे भरून येतो, माझाही आला.

पण त्याच चौकातली ती लहान देवळे मी बराच वेळ पाहत राहिले. एका देवळाच्या मागच्या भिंतीवर अर्ध्या उंचीपर्यंतच कोरीव काम आहे आणि वरचा भाग नव्याने घासून साफ केलेला आहे. ते एखाद्या घराच्या आत असताना तिथे सकाळ-संध्याकाळ कोणीतरी दिवा लावत असणार, नैवेद्य दाखवत असणार. आता ते दगडी फरसबंदीवर चारी बाजूंनी मोकळे आहे, स्वच्छ आहे, आणि त्याच्यासमोर थांबणारा कोणी नाही. यात्रेकरू त्याच्या सावलीला चपला नसलेले पाय गार करायला उभे राहतात. दशाश्वमेधाकडच्या एका लहान दुकानात रुद्राक्ष आणि पितळी पूजेचे सामान विकणाऱ्या गृहस्थांशी बोलणे झाले. त्यांचे वडिलांच्या वेळचे भाड्याचे दुकान प्रकल्पात गेले होते. मी त्यांच्याकडून तक्रारीची अपेक्षा केली होती. त्यांनी आधी सांगितले ते असे, की म्हाताऱ्या आईला कित्येक वर्षांत विश्वनाथाचे दर्शन झाले नव्हते, ते आता चाकाच्या खुर्चीवरून झाले. मग थोडे थांबून म्हणाले, की गिऱ्हाईक मात्र आता गल्लीतून येतच नाही, सरळ आत जाते आणि सरळ बाहेर पडते. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या बाबतीत खऱ्या आहेत. आपल्याकडच्या चर्चेत मात्र पहिली सांगणारा सरकारचा माणूस ठरतो आणि दुसरी सांगणारा विकासाचा वैरी.

पुरीला जगन्नाथ मंदिराच्या मेघनाद प्राचीरापासून, म्हणजे बाहेरच्या तटभिंतीपासून, पंचाहत्तर मीटरचा पट्टा मोकळा करून परिक्रमा मार्ग केला आहे. १७ जानेवारी २०२४ रोजी तो खुला झाला. त्यासाठी २०१९ मध्ये जे पाडकाम झाले त्यात एमार मठासारखी जुनी वास्तूही गेली. पुरीचे मठ म्हणजे केवळ राहण्याच्या इमारती नव्हेत, देवाच्या नित्यसेवेतली कामे त्यांच्याकडे वाटून दिलेली असत. मंदिराची भिंत आता पूर्ण दिसते, आणि ती भव्य आहे. भिंतीलगत राहून पिढ्यान्पिढ्या देवाचे काम करणारी माणसे मात्र दूर गेली. उज्जैनबद्दल एवढेच सांगते, की ऑक्टोबर २०२२ मध्ये लोकार्पण झालेल्या महाकाल लोक या मंदिर-कॉरिडॉरातल्या सप्तर्षींच्या मूर्ती पुढच्याच मे महिन्यात वादळी वाऱ्याने कोसळल्या. घाईने केलेल्या सुशोभीकरणाविषयी यापेक्षा अधिक काही सांगण्याची गरज नाही.

मदुराईत वेगळे चित्र आहे. मीनाक्षी मंदिराभोवती रस्त्यांचे चौकोन एकात एक बसवलेले आहेत आणि त्यांना आडी, चित्तिरै, मासी अशी तमिळ महिन्यांची नावे आहेत. त्या त्या वाटांनी देवाच्या मिरवणुका निघतात. मंदिरालगतच्या चित्तिरै रस्त्यांवर वाहनांना बंदी आहे, त्यामुळे घरे आणि दुकाने जागेवर ठेवूनही चालायला जागा मिळते. तिथल्या दुकानदारांच्या बाजूनेही सगळे बरोबर होते, असे मात्र नाही. २ फेब्रुवारी २०१८ च्या रात्री मंदिराच्या वीर वसंतराय मंडपात आग लागली, मंडपाचे मोठे नुकसान झाले, आणि मंदिराच्या आत दुकाने असावीत का हा प्रश्न टाळता येणार नाही अशा रीतीने पुढे आला. पुढे मंदिरासमोरच्या पुदु मंडपात पिढ्यान्पिढ्या बसणारे शिंपी आणि भांड्या-पुस्तकांचे विक्रेते जवळच्याच कुन्नत्तूर छत्र या इमारतीत हलवले गेले. म्हणजे माणसे हलवली गेली, पण हाकेच्या अंतरावर, आणि रस्त्यांचा मूळ चौकोन तसाच राहिला. तोडगा परिपूर्ण नसेल; पण गावाची घडण न मोडता धोका कमी करता येतो, एवढे तरी तिथे पाहायला मिळते.

आता पंढरपूर. या सगळ्या क्षेत्रांहून पंढरपूर एका बाबतीत निराळे आहे, आणि माझ्या मते निर्णयाचा सगळा भार याच एका गोष्टीवर यायला हवा. काशीला आणि उज्जैनला माणूस देवाला पाहायला येतो. आषाढीला येणारा वारकरी गावात येण्यासाठी येतो. तो चंद्रभागेत स्नान करतो, पुंडलिकाला नमस्कार करतो, नामदेव पायरीवर आणि चोखोबांच्या समाधीवर डोके टेकवतो, कळसाकडे पाहून हात जोडतो, आणि टाळ-मृदंगाच्या गजरात नगरप्रदक्षिणा करतो. त्यातल्या असंख्यांना पदस्पर्शदर्शन होतच नाही, आणि तरी वारी पुरी झाली असे ते समाधानाने म्हणतात. माझ्या सासूबाई शेवटच्या काही वर्षांत रांगेत उभ्या राहू शकत नव्हत्या. डोक्यावरचे तुळशीवृंदावन महाद्वारात खाली उतरवून, कळस पाहून त्या परत फिरत. त्यांच्या वारीत प्रदक्षिणेची वाट हीच देवळाचा भाग होती. या वाटेवरची घरे, ओटे, मठ आणि ओवऱ्या काढून तिथे रिकामा चौक केला, तर वारकऱ्याला अधिक काय मिळणार, याचे उत्तर आराखड्यात असायला हवे.

कोणी म्हणेल, की रांग कमी होईल. इथे साधा हिशेब करून पाहावा. गाभाऱ्यात मिनिटाला चाळीस माणसे विठ्ठलाच्या पायांवर डोके ठेवून पुढे सरकली, आणि हे दिवसरात्र एक क्षणही न थांबता चालले, असे धरले तरी चोवीस तासांत सत्तावन्न हजार सहाशे माणसांचे दर्शन होते. गावात दहा लाख आहेत. बाहेरचा रस्ता चाळीस फुटांचा असो की चारशे फुटांचा, गाभाऱ्याचे दार तेवढेच राहणार. गोपाळपूरला दर्शनरांगेसाठी उभारलेल्या पत्राशेडपर्यंत गेलेली रांग, जिच्यात माणसे कित्येकदा वीस तासांहून अधिक उभी असतात, ती कॉरिडॉरने एक तासानेही आखूड होणार नाही. तिला उपाय आहेत ते वेळ ठरवून दिलेल्या टोकनाचे, बसायला जागा, पाणी आणि शौचालय असलेल्या दर्शन मंडपाचे, आणि ओळखीपाळखीने मधूनच घुसणाऱ्यांना खरोखर अटकाव करण्याचे. या उपायांसाठी सगळा पेठभाग पाडावा लागत नाही.

म्हणून माझी पहिली विनंती अशी, की ‘कॉरिडॉर हवा की नको’ या एका प्रश्नात जे तीन प्रश्न कोंबले आहेत ते आपण वेगळे करावेत. एकादशीच्या दिवशी वाटांवर जिवाला असलेला धोका, दर्शनासाठी लागणारे तास, आणि परिसराचे देखणेपण, या तिघांची कारणे वेगळी आहेत आणि उपायही वेगळे आहेत. पहिल्यासाठी काही ठिकाणी घरे घ्यावी लागतील हे मी मान्य करते. घाटाकडे उतरणाऱ्या वाटेचे चिंचोळे तोंड, रुग्णवाहिका आत येऊ शकत नाही असे बोळ, येणाऱ्या आणि जाणाऱ्या लोंढ्यांची समोरासमोर गाठ पडणारे चौक, या जागा पोलिसांना आणि गावकऱ्यांना दोघांनाही नेमक्या ठाऊक आहेत. तिथे किती रुंदी लागेल, हे वारीच्या दिवशी मोजून ठरवता येते. अशा मोजणीतून आलेली रुंदी गावकरी समजून घेतील. चित्रातल्या सुबक चौकासाठी लागणारी रुंदी त्याच गठ्ठ्यात घातली, की त्यांचा पहिल्या मागणीवरचाही विश्वास उडतो, आणि आज नेमके तेच झाले आहे. याआधीही इथे रस्ते रुंद झाले, घरे मागे सरकली. जुनी माणसे आजही ‘मास्टर प्लॅन’ हा शब्द काढला की आपली भिंत कुठपर्यंत होती ते हाताने दाखवतात. पुन्हा एकदा मागे सरका म्हणताना त्या आठवणीची दखल घ्यावी लागेल.

दुसरी गोष्ट माणसांची. या वादात ‘व्यापारी’ हा शब्द फार सैलपणे वापरला जातो. मंदिराभोवती मोठी दुकाने आणि लॉज असणारे आहेतच, त्यांची बाजू मांडायला ते समर्थ आहेत. पण त्याच गल्लीत बुक्का आणि अष्टगंधाच्या पुड्या बांधणारी बाई आहे, चुरमुरे-बत्ताशांची पाटी घेऊन ओट्यावर बसणारा आहे, मृदंगाला शाई भरून देणारा आहे. काशीकापडी समाजातली कुटुंबे पिढ्यान्पिढ्या तुळशीच्या माळा करतात. वाळलेली काडी तासायची, तिचे मणी पाडायचे, प्रत्येकाला भोक घ्यायचे, मग ओवायचे. वारकऱ्याच्या गळ्यातली माळ अशी एका माणसाच्या हातून तयार होते. ही माणसे बहुतेक भाडेकरू, पोटभाडेकरू किंवा कोणाच्या तरी ओट्यावर बसणारी आहेत. मालमत्तापत्रकावर यांचे नाव नाही. २०१३ चा भूसंपादन कायदा मालकापुरता थांबत नाही. संपादनाआधी तीन वर्षे त्या जागी राहून किंवा काम करून जे पोट भरत होते, त्या भाडेकरूंना आणि कारागिरांनाही तो बाधित कुटुंब मानतो, आणि आधी सामाजिक परिणामांचा अभ्यास करायला सांगतो. तोच व्यवहार थेट खरेदीने झाला, तर या अभ्यासाला फाटा मिळतो आणि मालकाशी सौदा झाला की काम संपले असे धरले जाते. कोणत्या मार्गाने जागा घेणार, हे आपण जाहीर सांगावे, आणि थेट खरेदी करायची असेल तरीही हा अभ्यास करून घ्यावा, अशी माझी कळकळीची मागणी आहे.

तिसरी गोष्ट कोणीच बोलत नाही, म्हणून थोडी विस्ताराने लिहिते. या जुन्या वाड्यांमधून आणि मठांमधून वारकरी उतरतात. एकेका दिंडीची उतरण्याची जागा ठरलेली असते; घरमालकाच्या आजोबांनी दिंडीच्या विणेकऱ्याला दिलेला शब्द आज नातू पाळत असतो. आमची दिंडी जिथे उतरते तिथे वरच्या मजल्यावर बायका, खाली पुरुष, परसात स्वयंपाक, आणि मधल्या चौकात रात्रीचे कीर्तन, अशी व्यवस्था मी लग्न होऊन आले तेव्हापासून पाहते आहे. घरच्या काकू आषाढ लागला की आमच्यासाठी माळ्यावरची पातेली काढून घासून ठेवतात. भाडे घेतात, पण ते लॉजच्या दराने नाही. असे वाडे गेले, तर त्या घरमालकाला भरपाई मिळेल. दिंडीला कोण काय देणार? होळकर वाडा, शिंदे सरकारचा वाडा यांच्या जतनाची चर्चा होते ती योग्यच आहे, पण ज्यांना इतिहासात नाव नाही असे कितीतरी वाडे वारीचा भार उचलत आहेत. कोणत्या घरात कोणती दिंडी उतरते, याची नोंद आजवर कोणत्याही आराखड्यासोबत माझ्या पाहण्यात आलेली नाही. ती केल्याशिवाय वारकऱ्यांच्या सोयीसाठी हा प्रकल्प आहे, असे म्हणू नये. चंद्रभागेच्या पलीकडे ६५ एकरांवर दिंड्यांची सोय केली तेव्हा वाळवंटावरचा ताण हलका झाला, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. ते काम प्रशासनानेच केले, आणि त्यासाठी कोणाच्या घरावर कुदळ पडली नाही.

पंढरपूरने याहून कठीण वाद पाहिला आहे. १ मे १९४७ रोजी साने गुरुजी विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून इथल्या तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले आणि दहा दिवसांत तो निर्णय झाला. दहा दिवसांची ती गोष्ट आपण सारे सांगतो. त्याआधी ते कित्येक महिने महाराष्ट्रभर गावोगाव हिंडून लोकांशी बोलत होते, हे मात्र कमी सांगितले जाते. विरोध तेव्हाही मोठा होता, आणि तो करणारी माणसेही स्वतःला विठ्ठलाचीच म्हणवत होती. आज प्रशासनाने बोलावलेल्या बैठकांना व्यापारी संघटना येतात, लोकप्रतिनिधी येतात, महाराज मंडळींपैकी काही येतात. परभणीच्या, जालन्याच्या, विजापूरकडच्या वारकऱ्याला त्या बैठकीची तारीखही कळत नाही. हे गाव त्याचेही आहे. तो वर्षातून एकदा चार दिवस येतो, आणि त्याच चार दिवसांत त्याला विचारता येते.

म्हणून शेवटची मागणी अगदी व्यवहाराची. येत्या कार्तिकीला प्रस्तावित आराखड्याचा मोठा नकाशा मंदिराजवळच्या चौफाळा चौकात, ६५ एकरात आणि गोपाळपूरच्या पत्राशेडमध्ये लावावा. त्यावर बाधित होणारे प्रत्येक घर, मठ आणि दुकान क्रमांकासह दाखवावे, मालकासोबत तिथले भाडेकरू, ओट्यावर बसणारे आणि उतरणाऱ्या दिंड्या यांची यादी द्यावी, आणि जी जागा जिवाच्या सुरक्षेसाठी लागणार आहे ती एका रंगात, जी सुशोभीकरणासाठी लागणार आहे ती दुसऱ्या रंगात रंगवावी. हरकती आणि सूचना देण्याची मुदत वारी संपल्यावर निदान दोन महिने असावी, साध्या कोऱ्या कागदावर मराठीत लिहिलेली हरकत स्वीकारावी, आणि प्रत्येक हरकतीला लेखी उत्तर मिळावे. आमच्या दिंडीतली माणसे त्या यादीत आपले उतरण्याचे घर शोधतील आणि आपले म्हणणे लिहून देतील. बार्शी भागातल्या दिंड्यांचे असे अर्ज गोळा करून सोलापूरला आपल्या कार्यालयात आणून देण्याचे काम मी स्वतः करीन.

आपली नम्र,
बार्शीची एक वारकरी